मागून चालणारे देवस्थळी काका

आमचे देवस्थळी काका कुणाच्याही पुढे चालत नाहीत. देवळात निघा, दुकानात निघा, नुसता जिना उतरा, ते आपले तुमच्या मागे. थांबलात तर थांबतात, वळून पाहिलंत तर हातानं 'चला, चला' करतात. त्यामुळे लखनौवाल्यांचा या माणसावर फार जीव. आमच्या अलीगंज भागातले दुकानदार एकमेकांना सांगतात, "मराठी हैं, मगर तहज़ीब देखिए." एकदा माझ्या बँकेच्या दारात काका आणि चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेतले एक शेरवानीवाले बुजुर्ग एकाच वेळी पोचले. बुजुर्ग म्हणाले, "पहले आप." ते रीत म्हणून म्हणाले, काकांना मात्र खरोखरच मागे राहायचं होतं. दोघं उभे, त्यांच्या मागे पेन्शनवाल्यांची रांग उभी, आणि आत माझ्या काउंटरसमोर चिटपाखरू नाही. शेवटी गार्डनं दोघांचे दंड धरून त्यांना एकदमच आत घेतलं.

मी काकांच्या खालच्या मजल्यावर राहते. मूळची साताऱ्याची, गेल्या वर्षी बदली होऊन इथे आले, आणि बोलायला जरा फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते. काका रेल्वेत इंजिनिअर होते. जन्म गेला रूळ तपासत चालण्यात. काकू वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या असतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत, एवढं मला आल्या आल्या कळलं होतं. मुलगी केतकी पुण्यात असते, आणि काकांच्या दुसऱ्या खुळाचं मूळ ही केतकीच.

केतकी आपोआप चालणाऱ्या मोटारींच्या कंपनीत आहे. एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉलवर बापाला एक चित्र दाखवलं. साधा रस्त्याचा फोटो, पण गाडीला जाता येईल तेवढा भाग हिरवा रंगवलेला आणि बाकी सगळं लाल.

"बाबा, समोर गाय आहे की म्हैस, हा नंतरचा प्रश्न. गाडी आधी चित्रातल्या ठिपक्या-ठिपक्याला विचारते, इथून जाता येईल का? येईल तर हिरवं. खात्री नसेल तर लाल."

"आमचं सोपं होतं," काका म्हणाले. "गाडीनं कुठून जायचं ते आम्ही आधीच ठोकून ठेवायचो."

झालं, त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. बँकेत जाताना मी काकांना स्कूटरवरून बाजारापर्यंत सोडते. मागे बसल्या बसल्या यांचं चालू, "हिरवं... हिरवं... लाल, ई-रिक्षा उलटी येतेय. डावीकडे पाणी साचलंय, खालचं दिसत नाही, म्हणजे लाल. ती नुसती सावली आहे गं, सावलीला काय घाबरतेस, हिरवं."

"काका, स्कूटर मी चालवतेय ना?"

"तू चालव. मी बघतोय."

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही सोडलं नाही. "भैया, आप लाल में खड़े हैं."

"बाबूजी, कल तो हरे में थे."

"कल आपका ठेला नाली से सटा था."

त्या भल्या माणसानं ठेला मागे घेतला, आणि आता रोज सकाळी तो काकांना विचारूनच ठेला लावतो. एकदा गल्लीत लग्नाचा शामियाना पडला तेव्हा काकांनी उभ्या उभ्या पुण्याला फोन लावला. "केतकी, सकाळी इथे रस्ता होता, आता त्याच्यावर पनीर शिजतंय. तुझी गाडी काय करणार?"

"थांबेल, बाबा."

"थांबली की तिला जेवायला बसवतील. सांगून ठेव तिला."

असे दिवस हसण्यात जात होते. मग एका रविवारी मी वर चहाला गेले असताना काकांनी केतकीला फोनवर विचारलं, "पण हिरवं कुठलं, हे गाडीला शिकवतं कोण?"

"माणसं फोटो रंगवून देतात. शिवाय एक युक्ती आहे. गाडी ज्या पट्ट्यावरून आधी सुखरूप गेली, तो पट्टा चांगला असं धरायचं."

"म्हणजे पुढचा गेला की मागच्याला हिरवं?"

"छे, बाबा. ती गाडी गेली एवढंच खरं. तिची रुंदी वेगळी, तिची चाकं वेगळी. मागून येणाऱ्या गाडीचं तिच्या हिशेबानंच बघायला लागतं."

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. चहा तसाच राहिला. मी केतकीशी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि काकूंकडे पाहिलं.

"त्यांना माझं पडणं आठवलं," काकू म्हणाल्या. "चौकात गेलो होतो, केतकीला चिकनकारीचा कुर्ता घ्यायला. हे नेहमीसारखे पुढे."

"पुढे? काका?"

"अगं, जन्मभर पुढेच चालले. नालीवरची फरशी एका बाजूनं तुटलेली होती. हे सहज ओलांडून गेले, म्हणून मीही गेले. यांनी दुकानात पोचून कुर्ते मांडायला लावले, आणि 'हिला दाखवा' म्हणून वळले, तर मागे मी नाहीच." काकू हसल्या, पण मला काही हसू आलं नाही. "हाड केव्हाच जुळलंय. डॉक्टर चाला म्हणतात. पण पाऊल टाकताना वाटतं, खाली जमीन असेल ना? रोज तुझ्या स्कूटरवर बसून ते काय करतात वाटलं तुला? भाजी तर दारात येते."

खरं सांगते, मला काकांचा राग आला. काकांचा आणि तमाम नवऱ्यांचा, सगळ्या बायका ज्यांच्या मागून पिशव्या घेऊन धावतात त्यांचा. पण आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मी त्यांचा चहा पुन्हा गरम करायला उठले.

दिवाळी झाल्यावर केतकी येणार असं ठरलं. काकूंनी जाहीर केलं की अमौसीला विमानतळावर तिला घ्यायला त्या स्वतः जाणार. त्याआधी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालून बघायचं. सकाळच्या उन्हात त्या काठी घेऊन उतरल्या. मी आपली कडेनं, आणि काका अर्थातच मागे.

"हिरवं," काका म्हणाले. "हिरवं. पुढे वाळू सांडलीय, उजवीकडून घे. हिरवं."

काकू पाऊल टाकत होत्या. भाजीवाल्यानं न सांगता ठेला मागे ओढला. आणि निम्म्या गल्लीत काकांचा आवाज बंद पडला.

काकू जागच्या जागी थांबल्या. वळल्या नाहीत. "अहो, बोला ना. जमीन आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तू डावीकडे झुकून चालतेस."

"पहिल्यापासून. केतकीसुद्धा मला चिडवायची त्यावरून. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मी कधी मागून बघितलंच नाही गं. ती फरशी डावीकडेच तुटलेली होती."

काकू काठी नीट टेकवत म्हणाल्या, "आता बघितलंत ना? सांगा पुढचं."

"हिरवं," काका म्हणाले. पण ते आता मागे नव्हते. आमच्या गल्लीतही नाली डाव्या हातालाच आहे, आणि काका सरकून नालीच्या आणि काकूंच्या मधे येऊन चालायला लागले होते.