नॉर्वेला गेलेला खोका

२०२३ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. गुणाजी परब शनिवारी कारखान्यातून वेसाव्याला घरी आला, तो पुठ्ठ्याचा एक पांढराशुभ्र खोका छातीशी धरून. नॉर्वेच्या एका मासळी कंपनीला प्लास्टिकऐवजी पुठ्ठ्याचे खोके हवे होते, ओल आणि वास बाहेर न सोडणारे. हा त्याचा नमुना होता.

"साधा पुठ्ठा बाहेर कुणी विचारत नाही आता," अंधेरीच्या ऑफिसात अनुपमा मॅडमनी बजावलं होतं. "हा पास झाला नाही ना, तर एक्स्पोर्ट बंद. तू पण घरी, मी पण घरी."

रविवारी कुरिअरवाला घरीच येणार होता आणि गुणाजीला बोरिवलीला मेव्हणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. शेजारच्या सखुबाई सुकी मासळी विकायच्या. खोका त्याने त्यांच्याकडे दिला.

"आजी, नॉर्वेला जायचाय. झाकण दाबून कुरिअरवाल्याला दे."

"कुठं आलं ते?"

"लांब. बर्फात."

"बरं."

संध्याकाळी पावती बघून गुणाजी तसाच सखुबाईंच्या दारात आला. खोका चारशे ग्रॅमचा, पावतीवर वजन दोन किलो.

"आजी, आत काय घातलंस?"

"बोंबील. वरती थोडा जवळा."

"अगं, रिकामाच पाठवायचा होता."

"रिकामा?" सखुबाईंनी त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं. "परक्याच्या घरी रिकामा डबा धाडू? माझी सासू असती तर कानाखाली मारली असती."

वेसाव्यात उसनी नेलेली वाटीसुद्धा कधी रिकामी परत गेली नव्हती. गुणाजीने पावतीची घडी करून खिशात घातली.

सोमवारी त्याने मॅडमना सांगितलं.

"ओले?" मॅडमनी विचारलं.

"सुके. चांगल्यातले."

"मग आजींचे उपकारच झाले."

खोका तोवर विमानात चढला होता. दोघं मोबाइलवर त्याचा प्रवास बघत राहिले. दुबई गेलं. जर्मनी गेलं. जिथे शिकवलेली कुत्री माणसांच्या बॅगा हुंगतात, तिथूनही बोंबील निवांत पुढे गेले. मॅडमनी फोन हळूच टेबलावर ठेवला, देवाचा फोटो ठेवावा तसा.

दहाव्या दिवशी मेल आली: 'खोका आठवडाभर आमच्या टेबलावर होता. आत मासळी आहे हे उघडेपर्यंत कुणालाच कळलं नाही. इतकी कडक चाचणी आजवर कुणी स्वतःहून दिली नव्हती. चार कंटेनर पाठवा.'

मॅडमनी ती तीनदा वाचली. गुणाजीने चौथ्यांदा वाचायला मागितली.

अनुपमा मॅडम आता तीन देशांना खोके पाठवतात. गुणाजी त्याच खुर्चीवर आहे; प्रत्येक नमुना कानाशी धरून हलवतो, मगच सोडतो. तो पहिला खोका त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला नॉर्वेहून परत आला. गुणाजीने तो सखुबाईंसमोर उघडला. आत लाकडासारखे कडक, पांढरे, हातभर लांब सुके मासे होते.

सखुबाईंनी एक उचलून नाकाशी धरला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "सासू तिकडं पण आहे."