मैदानाला पाठ

आमच्या शेजारचे नेमूकाका फुटबॉलचा एकही सामना चुकवत नसत आणि एकही सामना बघत नसत.

सामना चारचा असला की काका तीनलाच स्टेडियमात हजर. डोक्यावर पांढरी टोपी, हातात भडंगाचा पुडा. आपली ठरलेली पायरी गाठायची आणि मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड करून बसायचं. शेवटची शिट्टी होईपर्यंत मान वळवायची नाही. एखादा नवखा सांगायला जायचा, "पावणं, म्याच हिकडं चाललीय की." काकांचं उत्तर ठरलेलं, "आपली नजर लई जड हाय."

म्हणे पूर्वी एकदा त्यांनी सरळ बसून सामना बघितला आणि आमच्या पेठेच्या संघानं पाच गोल खाल्ले. पुढच्या सामन्यात मागच्या पायरीवरच्या माणसाशी भांडायला ते वळले आणि तेवढ्यात आमचा गोल झाला. काका जे वळले ते वळलेच.

नजरेचं हे प्रकरण मैदानापुरतं नव्हतं. दूध तापत ठेवलं की ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. गल्लीत कुणाचं बाळ दाखवायला आणलं की डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "झ्याक हाय. नाक बापावर गेलंय." माझ्या आत्याच्या लग्नात त्यांनी नवरानवरीकडे पाठ करून खांद्यावरून अक्षता टाकल्या. त्या सगळ्या भटजींच्या उघड्या तोंडात गेल्या आणि मंगलाष्टक मध्येच थांबलं.

काका मूळचे कुरुंदवाडचे. जैन शेतकऱ्यांचं घर, भाऊ तिकडे शेती करायचे. हे एकटे कोल्हापुरात दोन खोल्यांत राहायचे आणि रोज सायकलवरून कसबा बावड्याला एका कचेरीत कारकुनी करायला जायचे. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं की पुन्हा नजरेवर यायचे.

आता सामना बघायचा नाही, तर तो कळायचा कसा? त्यासाठी काका एक सांगणारा घेऊन जात. आधी त्यांनी गल्लीतली दोन-तीन पोरं नेऊन बघितली. पण चेंडू गोलजवळ आला की पोरांची बोबडी वळायची आणि मग ती नुसत्या उड्या मारायची. शेवटी एका रविवारी काका आमच्या दारात आले. माझे वडील शाळामास्तर. त्यांना म्हणाले, "गुरुजी, तुमची ही पोरगी दिवसभर तोंड मिटत न्हाय. मला तिचं तोंड पायजे."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वर्गात बडबडीसाठी रोज बाकावर उभी राहायची. त्याच गुणासाठी कुणीतरी मला मागायला आलंय, याचा मला इतका आनंद झाला की मी चपला न घालताच निघाले.

पहिल्या सामन्याला मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी सांगायला लागले. एकानं चेंडूला लाथ मारली. दुसऱ्यानं पण मारली. आता तिसरा मारतोय. काकांनी विचारलं, तिसरा कोण? मी म्हटलं, "ज्याची चड्डी सैल आहे तो." आजूबाजूची सगळी रांग खदखदून हसली. मग मला चेव आला. मैदानात कुत्रं शिरलं, ते सांगितलं. रेफरीला शिंक आली, तीही सांगितली. काका मान डोलवत ऐकायचे आणि मी दम घ्यायला थांबले की एवढंच म्हणायचे, "पुढं, अक्का?" कुरुंदवाडकडच्या रिवाजानं ते मला अक्का म्हणायचे. नऊ वर्षांच्या मला!

चार वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले. हळूहळू कॉर्नर, फाऊल, ऑफसाइड सगळं शिकले. आमच्या रांगेतली माणसंसुद्धा आता मैदान बघता बघता माझ्याकडे कान लावायची. घसा बसायचा, पण दुसऱ्या दिवशी शाळेत मी बसक्या आवाजातच मिरवायची.

तेराव्या वर्षी आईनं माझ्या परकराची शिवण उसवून तो लांब केला आणि त्याच दिवशी सांगून टाकलं की आता पुरुषांच्या गर्दीत जाणं बंद. खरं सांगायचं तर वर्गातल्या मुलीही मला हसायला लागल्या होत्या, आणि मलाही थोडी लाज वाटायला लागली होती. पण नेमकी त्याच वर्षी आमची पेठ फायनलला पोचली. काका दारात आले. आत न येता, उंबऱ्याकडे बघत आईला म्हणाले, "वैनी, येवढी एकच म्याच. मग न्हाय न्यायचो." आईनं मला जाऊ दिलं.

वाटेत काका भलतेच खुशीत होते. आज अक्काची शेवटची मॅच, म्हणजे आज हरायचं नाही, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

स्टेडियम नुसतं पेटलं होतं. हलग्या वाजत होत्या. मी अशी सुटले होते की माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता. आणि पलीकडच्या पेठेनं गोल केला. चेंडू आमच्या गोलकीपरच्या पायांतून गेला. मी खाली काकांकडे बघितलं. त्यांनी भडंगाचा पुडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

मी म्हणाले, "बाहेर गेला."

शेजारी एक दांडगा पैलवान बसायचा. त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. आणि म्हणाला, "व्हय की. हातभर बाहेर."

मग मला थांबताच येईना. तिकडे मैदानात आमची पेठ पार मोडली होती आणि इकडे मी तिला जिंकवत होते. आमच्या सैल चड्डीवाल्याला मी चौघांतून काढला, गोलपर्यंत नेला, आणि गोल! रांगेनं माना खाली घालून टाळ्या वाजवल्या. पैलवानाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो टाळ्या वाजवत होता. थोड्या वेळानं मी दुसराही गोल केला, कॉर्नरवरून, डोक्यानं. शेवटची शिट्टी झाली. पलीकडच्या टोकाला फटाक्यांची माळ लागली. मी घाईघाईनं सांगितलं, आपल्याच पोरांनी लावली.

"बेस झालं," म्हणून काका उठले. टोपी झटकली.

फाटकाबाहेर पलीकडच्या पेठेची पोरं गुलाल उधळत नाचत होती. मी पुन्हा काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काकाच म्हणाले, "अक्का, मी इतकी वर्सं माणसांच्याकडं तोंड करून बसतोय. हजारभर तोंडं असत्यात समोर. गोल कुणाचा झाला ते मला तुज्या आदी कळतंय."

माझे कान तापले. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून जे जे चुकीचं सांगितलं होतं, तेही त्यांना कळत होतं. मी कसंबसं विचारलं, "मग मला कशाला आणायचात?"

काका गुलालातून वाट काढत चालत राहिले. मग म्हणाले, "तोंडं बघून गोल कळतोय गं. पण आपल्याला कुणी सांगत बसलंय, ते येगळं."

कोपरा आला. आमची गल्ली तिथून डावीकडे, अगदी दोन मिनिटांवर.

"त्यो तुजा दुसरा गोल नीट ऐकाय आला न्हाय," काका म्हणाले. "पैलवानानं मदीच टाळ्या हाणल्या. पयल्यापासनं सांग बगू."

आणि ते उजवीकडे, रंकाळ्याच्या लांबच्या रस्त्याला वळले.