खोडरबर सुखरूप पोहोचला

या जगात आलेल्या प्रत्येक वस्तूला आज ना उद्या धक्का बसणारच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की तो कोणाला गादीवर बसावा आणि कोणाला फरशीवर. पूर्वी हा निवाडा दैवाकडे असे. अलीकडे तो ऑनलाइन माल विकणाऱ्या कंपन्यांच्या पॅकिंग विभागाने स्वतःकडे घेतला आहे, आणि कारभारात बरीच शिस्त आली आहे. दैवाच्या राज्यात कधीकधी चुकून एखाद्या नाजूक वस्तूचं भलं होऊन जाई. इथे तसली ढिलाई नाही.

आम्हाला या विभागाचा परिचय हार्ड डिस्कमुळे झाला. हार्ड डिस्कची गरज सासऱ्यांच्या हसण्यामुळे पडली, म्हणून आधी ते सांगतो.

सासरे वजनमापे निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काटा नेहमी मध्यावर असे. त्यांच्या हसण्याची अधिकृत नोंद एकच आहे. एका रविवारी मी पडद्याची दांडी बसवायला स्टुलावर चढलो. थोड्या वेळाने स्टूल एका दिशेला गेलं, मी दुसऱ्या, आणि पडदा आम्हा दोघांवर. बायको हे मोबाइलवर टिपत होती (स्टूल धरण्याचं काम तिच्याकडे होतं). व्हिडिओ एक्केचाळीस सेकंदांचा आहे. पहिले तेवीस सेकंद मी वरून सर्वांना सूचना देतो, पुढचे चार सेकंद पडतो आणि उरलेले चौदा सेकंद सासरे हसतात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मांडीवर थापा मारत, "अरे देवा, अरे देवा" करत हसतात.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाई आमच्याकडेच असतात, आणि रोज दुपारच्या चहानंतर पदर सावरून म्हणतात, "जावईबापू, तेवढं तुमचं पडणं लावा." मी लावतो. आजवर मी त्यांच्यासमोर दोन हजारांहून अधिक वेळा पडलो आहे.

हा व्हिडिओ, आणि लग्नापासूनचे सगळे फोटो, एकाच हार्ड डिस्कवर होते. बायकोचा तो मोबाइल कपड्यांच्या बादलीत गेला. दुसरी प्रत काढण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते येत्या रविवारी व्हायचं होतं. गेल्या सहा वर्षांत येता रविवार तीनशे बारा वेळा आला.

मग डिस्क टकटक करू लागली. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने ती कानाला लावली आणि मान हलवली.

"पंधरा दिवस. फार तर."

"दुरुस्त होणार नाही?"

"अहो, हिचा शेवट जवळ आलाय. एकदा चालू होईल, दोनदा होईलच असं नाही. तो एक डाव राखून ठेवा. मोठी नवी डिस्क आणा, एका दमात सगळं उतरवून घेऊ. तोवर हात लावायचा नाही."

"तुमच्याकडे आहे का नवी?"

"मी पण ऑनलाइनच मागवतो. तुम्हीच मागवा, माझा फेरा वाचेल."

त्या दुपारी सासूबाईंपुढे चहा आला, मी पडलो नाही. त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे आता मी नुसताच चहा प्यायचा?"

डिस्क चौथ्या दिवशी आली. कागदी पाकिटात. पाकीट साधारणपणे मुंजीचं आमंत्रण मावेल एवढं होतं, आणि आत डिस्कखेरीज काही नव्हतं. पार्सलवाला पन्नाशीचा, गुडघ्याने अधू. तीन जिने चढून आलेला. त्याने ते पाकीट पायपुसण्यावर ठेवलं. (ठेवलं म्हणजे गुडघा वाकत नसल्यामुळे कमरेच्या उंचीवरून सोडलं.)

"साहेब, पाच स्टार द्या हां. चार आले की मला ऑफिसात उभं करतात."

मोबाइलवर तीन प्रश्न येतात: माल वेळेवर आला का, आणणारा नीट वागला का, पॅकिंग कसं वाटलं. उत्तरं दारातच द्यायची, कारण तो दारात उभा असतो. बायको आतून म्हणाली, "देऊन टाका हो, बिचारा लंगडतोय." मी तिन्हीला पाच-पाच तारे दिले आणि दार लावून पाकीट उघडलं. डिस्क हलवली की आत खुळखुळा वाजत होता.

दुरुस्तीवाल्याने समजावलं. आत एक तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते, तिच्यावरून एक सुई केसाहूनही बारीक अंतर राखून फिरते, आणि एक दणका बसला की दोघींची भेट होते. "ती भेट झाली की संपलं," तो म्हणाला. त्याचं लग्न ठरलेलं असल्यामुळे हे वाक्य त्याने जरा जपून उच्चारलं.

त्याच आठवड्यात आमच्या कन्येने चित्रकलेसाठी खोडरबर मागवला होता. तोही आला. मला नोंदी ठेवायची सवय आहे, त्यामुळे त्या महिन्यातली आमच्या घरची आवक वहीतून जशीच्या तशी देतो:

खोडरबर, नग एक. बाहेरून पुठ्ठ्याचं खोकं (आत जुळी बाळं आरामात झोपतील), त्यात दुसरं खोकं, चार हात फुग्यांचं प्लॅस्टिक, हवेच्या सात उश्या. वर शिक्का: "नाजूक. सांभाळून."

कापसाची उशी, नग एक. हवेच्या नऊ उश्यांमध्ये.

लोखंडी डंबेल, पाच किलो. चारी बाजूंनी थर्माकोल, कोपऱ्यांना जादा.

हार्ड डिस्क. पाकीट.

वरवर पाहणाऱ्याला यात गफलत वाटेल. मीही वरवरच पाहत होतो. नंतर विचार केल्यावर धोरणातली खोली लक्षात आली. जी वस्तू फुटणारच नाही तिला जपलं, तर जपण्याचे प्रयत्न शंभर टक्के यशस्वी होतात. कोणत्याही विभागाला वर्षअखेरीस आकडे दाखवावे लागतात. खोडरबर फुटल्याची एकही तक्रार आजवर आलेली नाही, आणि डंबेलला पोचा आल्याचंही ऐकिवात नाही.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका गोड होता, की तक्रार करताना अपराधी वाटावं.

"सर, तुमच्या नावावर पॅकिंगला पाच स्टार दिसतायत."

"ते मी पार्सल उघडायच्या आधी दिले होते."

"सर, उघडल्यावर पॅकिंग राहतच नाही ना."

माल परत घ्यायला त्या तयार झाल्या, पण नियम वाचून दाखवला. परत पाठवायची हार्ड डिस्क ग्राहकाने दुहेरी पुठ्ठ्याच्या खोक्यात, सहाही बाजूंनी दोन इंच फोम लावून, न हलेल अशी बांधावी. "नाजूक वस्तू असते सर, प्रवासात खराब होऊ शकते." मी खोडरबराचं खोकं काढलं, त्याच्या सात उश्या आणि फुग्यांचं प्लॅस्टिक वापरलं. बिघडलेली डिस्क आमच्या घरून राणीसारखी गेली.

दुसरी सातव्या दिवशी आली. या वेळी खोकं होतं, आणि भलंमोठं होतं. आत एक हवा गेलेली उशी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोकळेपणी वावरणारी डिस्क. ती जिन्यावरून येतानाच ऐकू येत होती. मी ठरवलं, पॅकिंगला एकच तारा. पार्सलवाल्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पॅकिंगचे स्टारपण माझ्याच नावावर पडतात, साहेब. गोदामातल्यांना कोण विचारतंय?"

सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "त्याचा काय दोष?" म्हणाल्या आणि पाच दाबले. मग त्यांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. "भाऊ, ही चिंधी कसली बांधलीय?"

"सांधा धरलाय, मावशी. ऊब लागते थोडी."

"चिंध्यांनी कुठली ऊब? थांबा, बघते मी काय ते."

डिस्क दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि लगेच परत आली.

तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी डोकं लढवलं. "रबराला एवढं जपतात ना? मग डिस्कबरोबर रबरही मागवा. त्याच्या पुण्याईने तीही नीट येईल." योजना निर्दोष होती. निरीक्षकाची पत्नी चौतीस वर्षं उगाच नव्हती. दोन्ही वस्तू एकाच मागणीत टाकल्या. दहाव्या दिवशी डिस्क आली, पाकिटात, खुळखुळत, सोबत छापील चिठ्ठी: "आपल्या मागणीतील एक वस्तू तिच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्रपणे पाठवली आहे." दुसऱ्या दिवशी खोडरबर सुखरूप पोहोचला.

पाकीट घेताना तारे पाचच दिले. त्याच भेटीत सासूबाईंनी पार्सलवाल्याला राखाडी लोकरीची जाड, दुपदरी गुडघापट्टी दिली. तीन दुपारी चहाबरोबर विणली होती (दुपारी दुसरं काही पाहायला नव्हतं). तो ती हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला.

"मावशी, ते सारखं सारखं काय मागवताय हो तुम्ही?"

सासूबाईंनी त्याला सांगितलं. तबकडी, सुई, काही नाही. एवढंच, की आमचे हे एकदाच हसले होते.

तेराव्या दिवशी तो चौथी डिस्क घेऊन आला. पाकिटातच होती, पण पाकीट दिसत नव्हतं. ते लोकरीच्या पट्टीत दोनदा गुंडाळून त्याने सदऱ्याच्या आत छातीशी धरलं होतं. गुडघा उघडा होता. तीन जिने तो एकेका पायरीवर थांबत चढला, आणि पायपुसणं ओलांडून त्याने ते गाठोडं सासूबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"डेपोतनं वेगळी काढून घेतली, मावशी. कुठे टेकवली नाही."

दुरुस्तीवाला घरी आला. जुनी डिस्क राखून ठेवलेल्या त्या एका डावावर चालू झाली, सहा तास बारा मिनिटं टकटकत राहिली, सगळं उतरल्यावर एकदा जोरात टक् म्हणाली आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी चहानंतर मी पुन्हा पडलो. तेवीस, चार, चौदा. एकही सेकंद कमी नाही. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "छान पडता हो तुम्ही."

चौथ्या वेळचे पाच तारे आम्ही मनापासून दिले. हाताशी असता तर सहावाही दिला असता.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं आभारपत्र आलं. आपल्या घरून पॅकिंगला सलग चार वेळा सर्वोच्च पसंती मिळाली आहे, आपल्यासारख्या अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के समाधानी ग्राहकांच्या अभिप्रायावरून हार्ड डिस्कसाठी पाकीट हीच पद्धत कायम करण्यात येत आहे, वगैरे. मी पत्र वहीत चिकटवलं. मग एक हिशेब राहून राहून सतावू लागला. पहिलं पाकीट आमच्या दारी आलं, तेव्हा आम्ही तर एकही तारा दिलेला नव्हता. ते कोणाच्या ताऱ्यांवर आलं?

आपण आता हसत आहात ते ठीकच आहे. पण दारात कोणी उभा असताना, पार्सल बंद असताना, आपला अंगठा कुठे टेकला होता ते जरा आठवून पाहा. राग नाही. आम्हीही फेड केली आहे. आपली डिस्कही एव्हाना टकटकत असेल आणि नवी आपण मागवलीच असेल, तर ती आमच्या वीस ताऱ्यांच्या भरवशावर पाकिटातून निघालेली आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. सासूबाईंनी पट्टी एकच विणली होती, आणि ती सध्या गुडघ्यावर आहे.