वच्छलामावशीची लाथ

घाटंजीत कंबर धरून चालणारा माणूस दिसला की समजावं, तो वच्छलामावशीची लाथ खायला निघालाय. मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की कमरेतली चमक जाते, असा आमच्याकडचा समज. बाजाराच्या दिवशी तिच्या ओट्यावर गर्दी असायची. व्यापारी, मास्तर, एकदा तर हाडांच्या डॉक्टरांचा कंपाउंडरसुद्धा!

"भिताडाकडं तोंड करा. माह्याकडं पाहू नका, मले हसू येते."

लाथ तशी हलकीच. आवाज मोठा, पण तो तिच्या तोंडचा, "हूत!" पैसे घेत नसे. "चहा पिऊन जा," एवढंच म्हणे. पण बरं वाटलेला माणूस थांबतो कशाला? ती एकटीच कप विसळत बसे. "सारे मले पाठ दाखवाले येतेत. तोंड घेऊन कोणी येत नाही."

मीही हसायचो. माझीही चमक तिनं कितीदा तरी काढली. चहा मी एकदाही घेतला नाही.

मागच्या वर्षी आमची वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले आणि सोनोग्राफीत दिसलं, बाळाचं डोकं वर, बूड खाली. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही बाळं बाहेरून हातानं फिरवता येतात, पण हिच्या पोटात पाणी कमी आहे, ते नको. तारीख ठरवून सिझर करू. मधेच कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर लगेच या."

माझी बायको मंगला, तिला हे पटेना. तिनं नेरहून पोट चोळणारी बाई बोलवायचं ठरवलं. हे कळताच मावशी चपलांसकट आमच्या स्वयंपाकघरात.

"पोटाले कोणालेच हात लावू देऊ नका! आत काही तुटलं-फाटलं म्हणजे?"

"तुमाले का समजते?" मंगला उसळली. "तुमचा पाय लागला म्हणूनच बाळ उलटं झालं असन."

वर्षाची कंबर दुखायची, तेव्हा मावशीनं एकदा तिच्या पाठीला पाय लावला होता. लाथ नाही. "पोटुशी हाय, नुसता टेकोतो," म्हणत, फूल ठेवावं तसा.

मावशी माझ्याकडं पाहू लागली. असं कुणाच्या पायानं होत नसतं, हे डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तेवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मावशी, बाळंतपण होईतो तुम्ही येऊ नका."

आजवर हे मी कोणाजवळ बोललो नाही.

"बरं," ती म्हणाली. "पण त्या बाईले आणू नको, भाऊ. दवाखान्यात ने."

तेवढं मात्र मी ऐकलं. मंगलाशी भांडून ऐकलं. सिझर झालं, मुलगी झाली.

घरी आल्यावर गल्ली लोटली ती पोरीचे पाय पाहायला. पोट कापून काढलेली पोरगी पायाळू धरायची की नाही, यावर वाद पेटला. मेकॅनिक शकीलभाईनं निकाल दिला, "माल वहीच है भाई, दरवाजा दुसरा." कंबरदुखीवाले दोघं-तिघं पोरगी चालायला कधी लागेल ते विचारून गेले.

मावशी आली नाही. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी फाटकाबाहेर उभी दिसली. आत येईना.

"भाऊ, पोरीची माय कशी हाय?"

हे तोवर कोणीच विचारलं नव्हतं. आवाज ऐकून वर्षाच बाहेर आली, बाळ खांद्यावर घेऊन. मावशीनं बाळाकडं पाहिलंच नाही. वर्षाला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"चालतं-फिरतं ना बाई? ताप-गिप?"

"काही नाही मावशी. मस्त आहे मी."

"माही माय उठलीच नाही मंग," बाजारभाव सांगावा तसं ती म्हणाली. "मी उलटी होती. चोळणारी आलती घरी. दवाखान्यात कोणी नेलंच नाही. नाव झालं ते माह्या पायाचं."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मावशी, आत या. चहा घ्या."

"नाही रे. कोणी कंबर धरून बसलं असन ओट्यावर."

ती वळली. तिचा ओटा आमच्या फाटकातून सरळ दिसतो. तिथं कोणी नव्हतं.