लाल झाकणाच्या डब्याबाबत

विषय : लाल झाकणाचा डबा घरापासून रस्त्याच्या कडेला नेणे.
अंतर : बत्तीस पावले.
जबाबदार व्यक्ती : मार्नी हॅडो, वय वर्षे आठ.

आमच्या यारंबी गावात लाल झाकणाचा डबा एक आठवडा सोडून दर दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सहाला उचलला जातो. गाडी चुकली की पुढचे चौदा दिवस कचरा तुमचा. जानेवारीत पारा बेचाळीसवर असतो आणि घरोघरी नाताळच्या कोळंबीची डोकी उरलेली असतात. ती फ्रीझरमध्ये, आइसक्रीमच्या शेजारी जपून ठेवायची आणि सोमवारी संध्याकाळीच डब्यात टाकायची, याबाबत गावात मतभेद नाहीत. इतर सर्व बाबींत आहेत.

सोमवारी पाच वाजता शेजारच्या रीस हॅडोने चार किलो डोकी डब्यात रिकामी केली आणि मुलीला हाक मारली. कुंपण बुटके असल्याने पुढचे सर्व मला ऐकू आले. मी एकतीस वर्षे नगरपालिकेच्या दप्तरखान्यात काढली आहेत. ऐकलेले टिपून ठेवण्याची सवय सुटत नाही.

"मार्नी, डबा बाहेर ने."

"मी का?"

"तुझं काम आहे ते."

"पण मी कोळंबी खातच नाही, डॅड. मला पुरळ उठतं. तू तीन ताटं संपवलीस. मग डोकी माझी कशी?"

रीसने तोंड उघडले आणि मिटले. 'मी सांगतोय म्हणून' हे वाक्य त्याच्या जिभेवर आलेले मला कुंपणापलीकडून दिसले. पण त्या वाक्याला त्या घरात बंदी आहे. त्याची बायको नॅरेल हिने 'मुलांशी आदराने संवाद' हा सहा आठवड्यांचा वर्ग पूर्ण केला असून प्रमाणपत्र फ्रीजच्या दारावर लावले आहे. त्या वर्गानुसार मूल उलट बोलत नाही. ते 'प्रलंबित म्हणणे' मांडते.

नॅरेल बाहेर आली आणि मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे म्हणून उकिडवी बसली.

"तुझं म्हणणं मला ऐकू आलं, सोन्या."

"मग उत्तर दे ना."

उत्तर ठरवायचे होते. म्हणून बैठक बोलावण्यात आली.

"डेस, तू दप्तरखान्यात होतास ना?" नॅरेलने कुंपणावरून विचारले. "इतिवृत्त लिहिशील? कुणीतरी तटस्थ माणूस हवा."

मी चष्मा घेऊन गेलो. माझा स्वतःचा डबा तेव्हा गॅरेजमागे होता, याची नोंद इथेच करतो.

५.४०. रीस धान्याच्या कोठारावर सुरक्षा अधिकारी आहे. त्याने निदर्शनास आणले की उतारावर चाकांचा डबा आणि आठ वर्षांची व्यक्ती, हा धोका आहे. मार्नीला त्याचे चमकते जाकीट घालण्यात आले. ते घोट्यापर्यंत आले. पायात अडकण्याचा धोका नोंदवला. जाकिटाला पिना लावल्या. पिनांचा धोका नोंदवला.

"डॅड, मागच्या वेळी मी हे अनवाणी केलं होतं."

रीसचा चेहरा पडला. मागील घटनेच्या चौकशीसाठी वेगळा कागद काढण्यात आला.

६.१०. समोरून नॅरेलची आई बेरिल उरलेला केक घेऊन आली.

"पोरीला सांगा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "आमच्या वेळी एवढं..."

"आई, तुझ्या वेळच्या गोष्टी वेगळ्या. पण तुझाही आदर व्हायला हवा. तू अपील ऐकशील?"

"अपील? माझ्याकडे?" बेरिलने केक खाली ठेवला. "मग खुर्ची आणा."

खुर्चीवर बसताच तिला पहिला मुद्दा सुचला. इथे एका मुलीबाबत जे ठरेल ते गल्लीतल्या सर्व मुलांना लागू होणार. तेव्हा त्या घरांना न विचारता ठरवणे योग्य नाही. साडेसहापर्यंत अकरा घरांतून अकरा प्रतिनिधी घडीच्या खुर्च्या आणि थंड बिअरच्या पेट्या घेऊन हजर झाले. कोळंबी खाणाऱ्यांचा एक गट झाला, न खाणाऱ्यांचा दुसरा. फक्त रस्सा खाणाऱ्यांनी स्वतंत्र मान्यता मागितली.

७.१५. मार्नी उठली. तिने जाकीट काढले, डबा ओढत नेला, रस्त्याच्या कडेला उभा केला, नियमाप्रमाणे मूठ घराकडे. लागलेला वेळ : बावीस सेकंद.

"नेला," ती म्हणाली. "आता मी ट्रॅम्पोलिनवर जाऊ?"

सगळ्यांनी माझ्या वहीकडे पाहिले.

"म्हणजे तुझा प्रश्न तू मागे घेतलास?" नॅरेलने हळूच विचारले.

"नाही. प्रश्न आहे. आणि डबा पण नेला."

असा रकाना माझ्याकडे नव्हता.

"हे बरोबर नाही," रीस म्हणाला. "म्हणणं ऐकण्याआधी काम झालं, तर आपण तिच्यावर दबाव टाकला असं दिसेल."

बेरिलने केकचा चमचा टेबलावर दोनदा आपटला आणि निकाल होईपर्यंत 'जैसे थे' असा आदेश दिला. रीसने जाकीट घातले, बूट बांधले आणि डबा परत आणला.

मार्नी बघत होती. "डॅड, परत का आणलास?"

"आम्ही तुझा आदर करतो म्हणून."

"मग मला विचारलं का नाहीस?"

ही दुसरी तक्रार म्हणून दाखल झाली. बैठक तहकूब झाली.

मंगळवारी सहाला गाडी आली. आमच्या गल्लीत ती एकदाही थांबली नाही. चालकाने मान बाहेर काढून पाहिले; बहुधा त्याला आज सुट्टी आहे असे वाटले असावे. रस्त्याच्या कडेला एकही डबा नव्हता. प्रत्येक घरातला डबा नेणारा माणूस समितीवर होता.

गुरुवारपर्यंत वास आला. शुक्रवारी वासाची समिती नेमली. शनिवारी मार्नी नाकाला टॉवेल लावून कुंपणाशी उभी राहिली.

"डेस, तुझा डबा का नाही गेला?"

"मी इतिवृत्त लिहीत होतो."

"तुझ्या घरी तर तू एकटाच. तुला कोण उलट बोललं?"

मी वही चाळली. नोंद सापडली नाही.

"मी फक्त 'का' विचारलं होतं," ती म्हणाली. "डॅड नुसता 'माझे हात भरलेत' म्हणाला असता तरी चाललं असतं. नेतच होते मी."

अहवाल समाप्त.

प्रत माहितीसाठी : वाचक. अभिप्राय सात दिवसांत कळवावा. हा अहवाल वाचायला चारेक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तुमच्या घरातले कोणते काम चालू होते आणि ते कोण करत होते, असे मार्नीने विचारले आहे. कृपया हे उलट बोलणे समजू नये.