सायीच्या रंगावर हळद

एक लिंबू, पुढच्या चाकासमोर.

ओल्या डांबराचा वास.

नागपूरचा फोटो. नाना उभे, एक हात फियाटच्या बॉनेटवर.

सायीचा रंग.

चर्च सुटायला अजून वेळ.

"शैलेंद्र, बाहेर ये. आधी ये, मग ओरड."

बायकोचा, हिमानीचा आवाज ड्राइव्हवेवरून आला. शैलेंद्र दात घासता घासता बाहेर गेला आणि फेस तोंडातच राहिला. दारातल्या सायीच्या रंगाच्या व्हॅलियंट गाडीच्या बॉनेटवर हळदीची पाच बोटं ओढलेली होती. आरशाला झेंडूचा हार. बंपरपुढे फुटलेला नारळ. आणि गाडीसमोर हात जोडून, पाचवारी साडी नि पांढऱ्या स्नीकर्समध्ये, आठवड्यापूर्वीच नागपूरहून आलेल्या त्याच्या आई, शरयूबाई.

"दसरा आहे बाप्पा," त्या म्हणाल्या. "नवी गाडी घेतली अन् आईला सांगितलं नाही! मी म्हटलं, सरप्राइज असंल."

"आई, ही आपली नाहीये. शेजारच्या वॉल्टरची आहे!"

"मग आपल्या दारात काय करते?"

प्रश्न रास्त होता. वॉल्टरने काल आपल्या ड्राइव्हवेला डांबराचा नवा थर देऊन घेतला होता. तो वाळेपर्यंत गाडी इकडे. 'गरज पडली तर हलव' म्हणून किल्लीही देऊन गेला होता. दोन हजार तीनचा दसरा रविवारी आला होता. चर्चहून परतल्यावर वॉल्टर गाडी सीझनच्या शेवटच्या कार शोला नेणार होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला होता, "चल माझ्याबरोबर. पुढच्या सीटवर."

दोन वर्षं शैलेंद्र हिरवळीच्या अलीकडच्या काठावर कॉफीचा कप घेऊन उभा राहत आला होता. नेपरव्हिल गावातल्या बाकीच्या गाड्या म्हशींसारख्या रस्ता भरून चालायच्या. ही एकोणीसशे त्रेसष्टची, माणसाच्या मापाची, फियाटची अमेरिकेतली मावसबहीणच. वॉल्टरने इंजिन बदललं होतं, गाडी दोन बोटं खाली बसवली होती, चाकं किंचित रुंद, आत मरून रंगाचं चामडं. पण नेमकं काय केलंय त्यावर बोट ठेवता यायचं नाही. स्टिकर नाही, ज्वाळा नाहीत. वडिलांची, नानांची फियाट विकली तेव्हा शैलेंद्र चार वर्षांचा होता. त्याला ती फोटोपुरतीच आठवायची. व्हॅलियंट दिसली की फोटोतली गाडी चालायला लागायची.

हिमानीने ओलं फडकं फिरवलं. पाच बोटांचा सूर्योदय झाला.

"अगं, पुसू नको! हळद आहे, पाण्यानं पसरते," शरयूबाई ओरडल्या. "उन्हात ठेवा. आपोआप उडते. साडीवरची नाही का उडत?"

ऊन होतं, पण रस्त्याच्या टोकाला. इथे मेपलची सावली. शैलेंद्र गाडीत बसला आणि नुसताच बसून राहिला. पायाखाली क्लच. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. तो ड्रायव्हिंग शिकला होता अमेरिकेत, ऑटोमॅटिकवर. गाडीने उचकी दिली, बंद पडली. पुन्हा उचकी, पुन्हा बंद.

"उतर."

"आई, प्लीज, तू मध्ये..."

"शैलू, उतर."

शरयूबाईंनी पदर खोचला, सीट पुढे ओढली. "गिअर उजव्या हाताला दिलाय मेल्यांनी," एवढंच म्हणाल्या. लिंबू फच्कन फुटलं. व्हॅलियंट लोण्यातून सुरी जावी तशी रस्त्यावर वळली. डाव्या बाजूला.

"आई, उजवीकडून! इथे उजवीकडून!" शैलेंद्र ब्रश हलवत मागे धावला.

कोपऱ्यावरून वॉल्टरची रोजची गाडी आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. वॉल्टर टाय सैल करत उतरला. त्याने हार पाहिला, पिवळं बॉनेट पाहिलं, मग स्टिअरिंगमागच्या बाई. शैलेंद्रला आपली पुढची सीट गेलेली दिसली. शेजारही गेला असावा.

"सॉरी वॉल्टर, शी थॉट... इट्स अवर फेस्टिव्हल... द यलो विल गो..."

वॉल्टरने हात वर केला. "तो क्लच फार खोडकर आहे. माझ्या मुलाला तीन उन्हाळे जमला नाही. हिच्याकडून बंद पडली?"

"नाही," शैलेंद्र म्हणाला. "हिच्याकडून नाही."

वॉल्टरने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि स्वतःच्या गाडीत पाहुण्यासारखा बसला. "एक चक्कर मारायला सांग तिला. फक्त उजवीकडून."

शोला जाताना वॉल्टरने चालवली. पुढच्या सीटवर शरयूबाई. शैलेंद्र मागे, मांडीवर प्रसादाच्या खोबऱ्याचा डबा. दिवसभर गाडी उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत हळद उडाली. वायपरखाली ऊन पोचलं नाही तेवढी एक पिवळी रेघ उरली. शैलेंद्र ती रुमालाने पुसायला गेला, तर वॉल्टरने त्याचं मनगट धरलं.

"आई," परतताना शैलेंद्रने मागून विचारलं, "नानांनी शिकवलं होतं का गं तुला?"

शरयूबाई खिडकीबाहेर बघून हसत राहिल्या.

नागपूरचा तो फोटो एकोणीसशे त्र्याहत्तर साली शरयूबाईंनी काढला. नाना नुकतेच बाजूच्या सीटवरून उतरले होते.