एकोणीस तारखेचा योगायोग

नळाचे मीटर वाचणाऱ्या त्या गृहस्थाशी त्याची लेक तीन आठवडे बोलत नव्हती. तिच्या लाडक्या बँडला तो 'पाच जणांची कोकलणारी टोळी' म्हणाला, एवढंच निमित्त. चौदा वर्षांची मुलगी अबोला धरते तेव्हा जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागते. शेवटी बापाने माघार घेतली आणि तिच्या भिंतीवर चिकटवलेली बँडची माहिती पाठ करायला बसला.

बसला आणि रमला. दोघे गिटारवाले एकाच दवाखान्यात एका दिवसाच्या अंतराने जन्मले होते आणि वीस वर्षांनी बंद पडलेल्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटले होते. गायक आणि ड्रमवाला, दोघेही डावखुरे. दोघांनीही एकाच वर्षी सायकलवरून पडून उजवा हात मोडून घेतला होता. दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या माणसाला हे पाठ करणं म्हणजे हातचा मळ. लेक विरघळली. इतकी की रेडिओवरच्या स्पर्धेत तिने बापाचंच नाव आणि नंबर देऊन टाकला, कारण भाग घ्यायला माणूस सज्ञान लागत होता. बक्षीस होतं बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं.

फोन आला तेव्हा तो एका अंगणात उकिडवा बसून मीटरवरची धूळ पुसत होता. रेडिओच्या निवेदकाने थेट प्रक्षेपणातच चार प्रश्न विचारले. त्याने चारही उत्तरं पावती फाडावी तशी दिली. पाचवा प्रश्न बँडच्या पहिल्या कार्यक्रमाच्या तारखेचा होता.

"एकोणीस ऑगस्ट."

पुढच्याच शनिवारच्या कार्यक्रमाची तिकिटं मिळाली. निवेदकाने विचारलं, तारखा इतक्या पक्क्या कशा? तो म्हणाला, आकडा एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. तारीख म्हणून आपण विसरत नाही.

"आजही एकोणीस ऑगस्टच आहे, दादा. तुमच्या घरी आज आणखी काही विशेष?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही. गुरुवार आहे."

पुढच्या घरी पोचेपर्यंत मेव्हणीचा फोन आला. तिने अभिनंदन केलं. तिकिटांचं नव्हे, लग्नाला सोळा वर्षं पूर्ण झाल्याचं.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बायको एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि तिथे दिवसभर रेडिओ चालू असायचा. त्याने फोन लावला. तो तिच्या मैत्रिणीने उचलला आणि थंडपणे सांगितलं, की वहिनी रडताहेत, आत्ता बोलणार नाहीत. रजा मंजूर होईपर्यंत चार वाजले, मग तो फुलं घ्यायला धावला. फुलवाल्याने आवाज ओळखला. "गुरुवारवाले का तुम्ही?" असं विचारून त्याने न सांगताच मोठा गुच्छ बांधला.

घरी बायको खुर्चीत बसली होती. समोर अर्धा केक आणि रंगीत कागदात बांधलेल्या तीन भेटी. लेक कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तिकिटं तुमची. तुम्ही दोघं जा."

बायको उठली. तिने आधी दार लावलं, मग खिडकी.

"मलाही आठवण नव्हती," ती हळूच म्हणाली. "निवेदकाने तारीख विचारली तेव्हा डोक्यात उजेड पडला."

"मग रडत का होतीस?"

"शेजारच्या टेबलावरची आपल्या लग्नाला आली होती. तिने सगळ्यांना सांगितलं. दहा जणी इस्त्र्या ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना काय सांगू, मी पण विसरले म्हणून? रडणं सोपं वाटलं."

मग गोष्टी आपसूकच होत गेल्या होत्या. मुकादमबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा दिली. बायकांनी वर्गणी काढून केक आणि भेटी आणल्या आणि नवऱ्यांच्या जातीला मनसोक्त नावं ठेवली. घरी येऊन ती दोन तास गाढ झोपली होती.

बाप मटकन खाली बसला. फुलं मांडीवर तशीच. पुष्कळ दिवसांनी इतकं हलकं वाटलं होतं. त्याने केककडे हात नेला, तशी बायकोने ताटली मागे ओढली. मग विचार करून एक तुकडा दिला.

तो म्हणाला, तर मग झालं, आपण तिघंही जाऊ. एक जास्तीचं तिकीट काढू.

"तुम्ही बापलेक जा," बायको म्हणाली. "मी आले तर तुम्हाला माफ केलं असं होईल. दोन आठवडे तरी ते जमायचं नाही. केक खाल्लाय मी त्या दहा जणींचा."